जंगलातली हरणं: ओळखायची कशी आणि झाडीत शोधायची कशी

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ताडोबात तळ्याच्या काठाशी दिसलेलं मोठं, काळपट, बिनशिंगाचं जनावर सांबर होतं की रोही (नीलगाय)? मेळघाटात रस्ता ओलांडून उतारावर गेलेलं लहानसं तपकिरी जनावर कोणतं, ज्याच्या पुढच्या पायांवर काळी रेघ दिसली? आणि गाइडला झाडीत उभी असलेली हरणं पटकन दिसत होती, ती तुम्हाला बोट दाखवूनही का दिसत नव्हती? उत्तर थोडं लांबणार आहे, कारण ओळखणं आणि दिसणं ही वेगळी कामं नाहीत. जनावर कसं उभं राहतं, कुठे राहतं, काय खातं हे माहीत असेल तर ते दिसतंही लवकर आणि अर्धवट दिसलं तरी ओळखू येतं.

बहुतेक लोक शिंगं आणि ठिपके बघून ओळख ठरवतात. या दोन्ही खुणा खऱ्या आहेत, पण जंगलात नेमक्या त्याच दगा देतात. माझ्या मते खुणांचा क्रम उलटा हवा: आधी जागा, मग आकार आणि पाठीची रेघ, मग शेपटी आणि चाल, आणि शिंगं सगळ्यात शेवटी.

तरी शिंगांचा हिशोब एकदा नीट समजून घ्यायलाच हवा. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणं. त्यांच्या फक्त नरांना शिंगं येतात. ती भरीव हाडाची असतात, त्यांना फाटे फुटतात, आणि ती गळून पुन्हा नवी येतात. नवं शिंग वाढत असताना त्यावर मखमलीसारखी, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी असते. वाढ पुरी झाली की ती वाळते आणि नर झाडाच्या खोडावर घासून काढून टाकतो. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि नीलगाय (आपल्याकडे रोही) ही कुरंग-कुळातली, म्हणजे गाय-शेळीच्या जवळची. त्यांच्या शिंगांत हाडाचा खुंट असतो आणि त्यावर पोकळ कवच. ती आयुष्यभर राहतात, गळत नाहीत, त्यांना फाटे फुटत नाहीत. म्हणून शिंगाला फाटा दिसला की प्रश्न मिटला, ते हरीणच.

अडचण अशी की दिसणाऱ्या जनावरांपैकी निम्म्याहून अधिक बिनशिंगाची असतात. माद्या आहेत, पिल्लं आहेत, आणि शिंगं गळलेले नरही आहेत. मध्य भारतातल्या जंगलांत सांबराच्या नरांची शिंगं साधारण मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गळतात. आपल्याकडे पर्यटक सर्वांत जास्त याच दिवसांत येतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात तळ्यावर आलेलं प्रत्येक बिनशिंगाचं सांबर मादी असं धरलं जातं. मान बघा. पूर्ण वाढलेल्या नराची मान जाड असते आणि तिच्यावर लांब, राठ केसांची आयाळ असते. मादीची मान सडपातळ दिसते. कपाळावर शिंग गळाल्याची जागा किंवा मखमली गुठळ्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. चितळांचं मात्र असं ठराविक वेळापत्रक नाही. एकाच कळपात एक नर पक्क्या शिंगांचा, दुसरा मखमलीतला आणि तिसरा बोडका असू शकतो.

आता सांबर की रोही. दोन्ही मोठी, दोन्ही लांबून काळपट, आणि दोन्हींच्या माद्यांना शिंगं नाहीत. पाठीकडे बघा. रोहीचे खांदे उंच आणि पुठ्ठे खाली, त्यामुळे पाठ मागे उतरत जाते. सांबराची पाठ जवळपास सपाट असते, अंग भरीव, कान मोठे आणि पसरट. रोहीची शेपटी लांब, टोकाला केसांचा झुपका असलेली, गाईच्या शेपटीच्या वळणाची; सांबराची आखूड आणि झुपकेदार. रोहीच्या खुरांच्या वर पांढरे पट्टे आणि गालावर पांढरे ठिपके असतात, गळ्यावरही पांढरा डाग असतो. सांबराच्या अंगावर असं काहीच नाही, ते सगळं एकरंगी, गडद तपकिरी, केस खरखरीत. रोहीचा पोक्त नर निळसर करडा, मादी पिवळट तपकिरी. जागाही वेगळी: रोही विरळ झुडुपांत, माळावर, शेतांच्या कडेला, सांबर दाट झाडीत, डोंगरउतारावर, नाल्यात आणि पाण्याजवळ. तुम्ही लिहिलंय की ते जनावर पोटापर्यंत पाण्यात शिरून पाणवनस्पती खात होतं आणि पाठ सरळ होती. ते सांबरच. उन्हाळ्यात ताडोबाच्या तळ्यात सांबरं अशी तासन्‌तास उभी दिसतात. रानकुत्री मागे लागली तरी सांबर पाण्याकडेच धावतं, कारण उंच पायांमुळे ते जिथे टेकून उभं राहू शकतं तिथे कुत्र्यांना पोहावं लागतं.

सांबराबद्दल आणखी एक. प्रजननकाळात त्याच्या गळ्याच्या खालच्या बाजूला केस गेलेला, लालसर ओला डाग दिसतो. जखम झाली, वाघाच्या हातून सुटलं असावं, असं लोक हळहळून सांगतात. ती जखम नाही. ती ग्रंथीशी निगडित जागा आहे आणि निरोगी जनावरातही दिसते.

मोठ्या शिंगांचं सांबर दिसलं की ‘बारशिंगा बघितला’ असंही आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. महाराष्ट्राच्या जंगलात रानटी बारशिंगा नाही. मध्य भारतातला कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा मध्य प्रदेशात कान्हाच्या कुरणांत टिकला आणि तिथूनच पुढे सातपुड्यासारख्या मोजक्या ठिकाणी नेला गेला. टोकं मोजली की खात्री पटते. सांबराच्या एका शिंगाला साधारणपणे तीनच टोकं असतात, एक कपाळाजवळ पुढे आलेलं आणि दोन शेवटच्या दुबेळक्याची. बारशिंग्याच्या एका शिंगाला त्याहून पुष्कळ जास्त. चितळाच्या शिंगालाही तीनच टोकं, पण त्याचं शिंग सडपातळ, आधी मागे-बाहेर झुकून मग सुंदर कमानीत वर येणारं; सांबराचं जाड, खडबडीत.

चितळाला ओळखण्यात कुणी फारसं चुकत नाही. लालसर अंग, आयुष्यभर टिकणारे पांढरे ठिपके, पाठीच्या मधोमध काळपट पट्टा, गळा पांढराशुभ्र. पोटाच्या कडेचे ठिपके जवळजवळ एका रेषेत जुळून आलेले असतात. नराचा चेहरा जास्त गडद असतो, नाकाडावर काळपट पट्टी दिसते. पण ‘ठिपके म्हणजे चितळ’ हे उलटं चालत नाही. भेकराच्या पिल्लालाही सुरुवातीला ठिपके असतात. आणि एक जनावर तर असं आहे की ते मोठं झालं तरी लोक त्याला चितळाचं पाडस समजून पुढे जातात. ते म्हणजे पिसोरी.

पिसोरीला काही भागांत गेळा म्हणतात. खांद्यापाशी उंची जेमतेम 25 ते 30 सेंटिमीटर, वजन 2 ते 4 किलो. ते खरं हरीणही नाही, त्याचं कूळच वेगळं. नराला शिंगं येत नाहीत, त्याऐवजी वरचे सुळे लांब असतात. अंगावर ठिपके आहेत, पण ते बाजूने लांबट होऊन पट्ट्यांसारखे दिसतात, आणि गळ्यावर पांढऱ्या तिरप्या रेघा असतात. पाठ कमानदार, मागची बाजू उंच, पाय काडीसारखे बारीक. चितळाचं पाडस यापेक्षा लांब पायांचं असतं आणि त्याची आई आसपास असते. पिसोरी बहुतेक रात्री फिरते, दिवसा झाडाच्या ढोलीत, दगडांच्या कपारीत किंवा पडलेल्या ओंडक्याखाली दडून राहते. धोका वाटला की आधी थिजून उभी राहते. कॅमेरा-ट्रॅपमध्ये (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात) ती दिसते त्या मानाने माणसाच्या डोळ्याला फारच कमी दिसते. दिसली तर ते भाग्य समजा आणि गाडी तिथेच थांबवून ठेवा.

मेळघाटातलं तुमचं जनावर. तिथे हा गोंधळ भेकर आणि चौसिंगा यांच्यात होतो, आणि तो अनुभवी लोकांचाही होतो. गावोगावची नावं एकमेकांत मिसळलेली आहेत. काही भागांत भेडकी म्हटलं की भेकर समजतात, काही भागांत चौसिंगा. म्हणून स्थानिक माणसाने सांगितलेलं नाव ऐका, पण खुणाही विचारा. दोन्ही जनावरं साधारण वीस किलोच्या आसपासची, दोन्ही तपकिरी, दोन्ही एकेकटी किंवा जोडीने फिरणारी.

भेकराचा रंग तांबूस, उन्हात चक्क लाल दिसणारा. त्याच्या चेहऱ्यावर कपाळापासून नाकाकडे उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा असतात, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. नराची शिंगं आखूड, पण ती केसाळ लांब खुंटांवर बसलेली असतात. मादीला शिंगं नाहीत, तरी कपाळावर त्या जागी केसांचे झुपके आणि गडद रेघा असतात, त्यामुळे चेहऱ्यावरून मादीही ओळखू येते. चालताना भेकर डोकं खाली घेतं, पाठ कमानदार करतं आणि पाय उंच उचलून टाकतं. पळताना शेपटी वर उठते आणि तिची पांढरी खालची बाजू चमकून जाते.

चौसिंग्याचा रंग फिकट, धुरकट तपकिरी. चेहऱ्यावर ती व्ही नाही. पायांच्या पुढच्या बाजूने गडद रेघ खाली उतरते, आणि ती पुढच्या पायांवर जास्त ठळक असते. नराला चार शिंगं, मागची जोडी 8 ते 10 सेंटिमीटरची आणि पुढची जोडी डोळ्यांच्या वर अगदी लहान, कित्येकदा नुसते उंचवटे. मादीला एकही नाही. पळताना शेपटीचा पांढरा झेंडा तो दाखवत नाही. झटकन उडी मारून थोडं अंतर जातो आणि पुन्हा गवतात गोठून उभा राहतो. पसंतीची जागा म्हणजे कोरडं पानगळीचं जंगल, गवताळ उतार, जवळपास पाणी. भेकराला दाट, ओलसर, सावलीची झाडी लागते. तुम्ही लिहिलेलं वर्णन पाहिलं तर पायावरची काळी रेघ, फिकट रंग, न उठलेली शेपटी, कोरडा गवताळ उतार, या चारही गोष्टी एकाच दिशेला जातात. तो चौसिंगाच होता. एखादीच खूण असती तर मी असं ठामपणे लिहिलं नसतं. तुम्ही पाय बघितलेत, बहुतेक जण डोक्याकडेच बघत राहतात, म्हणून हे उत्तर देता आलं.

आता दिसण्याचा प्रश्न, आणि माझ्या लेखी तोच जास्त महत्त्वाचा. गाइडचे डोळे तुमच्यापेक्षा तीक्ष्ण असतात असं नाही. तो वेगळी गोष्ट शोधत असतो. तुम्ही अख्खं हरीण शोधता, तो तुकडा शोधतो. जंगलात अख्खं जनावर क्वचितच समोर येतं. दिसतो तो एक कान, काळं ओलं नाक, पोटाची रेघ, पानांखालून चार पाय, किंवा फांद्यांच्या गर्दीत जरा जास्तच गुळगुळीत वाटणारी एक फांदी.

पहिली सवय लावून घ्या ती आडवी रेघ शोधण्याची. साग, ऐन, बांबू, सगळं उभं वाढतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आडवी रेघ दिसली की ती पडलेला ओंडका असेल नाही तर जनावराची पाठ. दोन्ही बघण्यासारख्या. काही क्षण नजर तिथेच ठेवा. उन्हाळ्यात माशा इतका त्रास देतात की हरणाला कान किंवा शेपटी हलवल्याशिवाय राहवत नाही, आणि तो एक झटकाच त्याला उघडं पाडतो.

दुसरी सवय नजर फिरवण्याची दिशा बदलण्याची. आपण डावीकडून उजवीकडे वाचत आलो आहोत, त्यामुळे त्या दिशेने नजर सरसर घसरते, न थांबता. झाडीची कड उजवीकडून डावीकडे बघा. नजर आपोआप अडखळत जाते आणि त्या अडखळण्यातच जनावर सापडतं. एकदा पाहून झालेली जागा ‘पाहून झाली’ असं मानू नका. तीच कड पाच मिनिटांनी पुन्हा बघा.

तिसरी गोष्ट, झाडीकडे बघू नका, झाडीतून बघा. इथे दुर्बीण फार कामाची, आणि ती फक्त लांबच्या गोष्टींसाठी असते हा समज सोडा. तीस-चाळीस पावलांवरच्या झाडोऱ्यातही दुर्बीण लावा आणि फोकस हळूहळू पुढे ढकलत न्या. जवळची पानं धूसर होऊन विरतात आणि मागचा थर स्वच्छ होतो. नुसत्या डोळ्याला जी हिरवी भिंत वाटते तिच्यामागे चितळांचा कळप बसलेला असतो. 8×42 ची (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण यासाठी उत्तम. सकाळच्या अंधुक प्रकाशातही ती चालते आणि हातात फारशी हलत नाही. जास्त पटींची दुर्बीण घेऊन गाडीत बसलात तर सगळं थरथरत दिसतं.

चौथी, उंची बदला. बांबूची बेटं आणि झुडुपं कमरेच्या वर दाट असतात, खाली मोकळी. जिप्सीत उभं राहून बघण्याची सगळ्यांना हौस असते, पण वाघासाठी ते ठीक, भेकरासाठी नाही. सीटवर खाली वाकून पानांच्या खालची मोकळी पट्टी बघा. चार बारीक पाय तिथे दिसतील. जिथे पायी फिरायची परवानगी असते अशा वाटांवर गुडघ्यावर बसणं याहून उपयोगाचं दुसरं काही नाही.

प्रकाशाचं भान ठेवा. सूर्य पाठीशी असेल तर भेकराचं तांबूस अंग सुक्या पानांतूनही उठून दिसतं. सूर्य समोर असेल तर अंग काळं पडतं, पण कान उजळतात. पातळ कातडीतून ऊन आरपार जातं आणि कानांच्या पाळ्या लालसर पेटल्यासारख्या दिसतात. दुपारी उघड्यावर काही शोधू नका. नाल्याच्या काठची जांभळाची, अर्जुनाची सावली बघा, सांबर तिथे बसलेलं असतं.

हरणाला तुम्ही कसे कळता हेही जाणून घ्या. त्याच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या रंगपेशी असतात, त्यामुळे नारिंगी-लाल आणि हिरवा हे रंग त्याला वेगळे करता येत नाहीत. वाघाचा भडक रंग आपल्यालाच भडक आहे. हरणाला तो हिरवळीत मिसळलेला दिसतो. निळा मात्र त्याला चांगला कळतो, म्हणून जीन्स आणि निळी टोपी घरी ठेवा. पांढऱ्या शर्टाचंही तेच. पण कपड्यांपेक्षा हालचाल शंभरपट घातक. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं आणि हललेली बारीक गोष्टही टिपली जाते. मोबाइल धरलेला हात झटकन वर गेला की संपलं. त्याने डोकं वर केलं की तुम्ही थिजा, ते पुन्हा चरायला लागलं की हळूच हला. आणि वारा. हरणाचं नाक त्याच्या डोळ्यांपेक्षा पुढचं आहे. चिमूटभर माती सोडून बघा. धूळ तुमच्या तोंडाकडे येत असेल तर ठीक, हरणाकडे जात असेल तर तिथे बसून राहण्यात अर्थ नाही. अत्तर, बॉडी स्प्रे लावून जंगलात येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्या दिवशी तेवढं टाळा.

खाणं कुठे आहे ते बघितलंत तर शोधाचं निम्मं काम होतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, तेव्हा पहाटे मोहाखाली चितळ, भेकर, सांबर सगळे येतात. हिवाळ्यात आवळे पडतात. आणि जिथे वानरं तिथे चितळं, हे तर जंगलात फिरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. वानरं खाण्यापेक्षा टाकतात जास्त. कोवळी पानं, शेंगा, फळं खाली पडत राहतात आणि चितळं ती वेचतात. उंचावरून वानराची नजर लांब पोचते, खालून चितळाचं नाक काम करतं, दोघांनाही एकमेकांच्या इशाऱ्यांचा फायदा मिळतो. वरच्या फांद्या हलताना दिसल्या की आधी त्या झाडाखाली बघा.

आवाजांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यावर फार चुकीचं सांगितलं जातं. चितळाचा इशारा उंच पट्टीतला, तुटक, शिट्टीसारखा. सांबराचा खोल, घुमणारा, एकदम छातीत बसणारा ‘ढाँक’. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, आणि सुरू झालं की कितीतरी वेळ थांबत नाही. हे सगळे आवाज सारख्या वजनाचे नसतात. चितळ कोल्ह्यालाही ओरडतं, रानकुत्र्यांनाही, कधी नुसत्या संशयालाही. भेकर दाट झाडीत, नीट दिसत नसताना, शिकारी नसतानाही भुंकत राहतं. सांबर मात्र उगाच ओरडत नाही. शेपटी ताठ वर, पुढचा पाय जमिनीवर आपटणं आणि त्यासोबत ढाँक, हे एकत्र दिसलं तर तिथे वाघ किंवा बिबट्या असण्याची शक्यता मोठी. पण तुम्हाला हरीण शोधायचंय, म्हणून उलटा उपयोग करा. आवाज आला की त्या बाजूला दुर्बीण लावा; जे जनावर ओरडतंय ते सहसा उभं असतं, टक लावून एका दिशेला बघत असतं आणि तुमच्याकडे त्याचं लक्ष नसतं. निवांत न्याहाळायला याहून चांगली वेळ नाही. कळपातली सगळी तोंडं एकाच दिशेला असतील तर त्यांना धोका दिसलेला आहे. तोंडं चहूकडे असतील तर नुसता वास किंवा आवाज आलेला असतो.

उन्हाळ्यात चितळाच्या नरांचं घसा ताणून ओरडणंही ऐकू येतं, लांब, खरखरीत, काहीसं रेकल्यासारखं. ते माजावर आलेल्या नराचं ओरडणं आहे, इशारा नाही. ते ऐकून गाड्या वाघाच्या शोधात पळवताना मी कित्येकांना पाहिलंय, आणि त्यात दोन पायांवर उभं राहून शिंगांनी फांद्या ढवळणारा नर बघायचा राहून जातो. उंच फांदीवर आपला वास लावण्याची ती त्याची रीत आहे.

जनावर दिसलं नाही तरी खुणा असतातच. पहाटे धुळीच्या रस्त्यावर पहिली गाडी जाण्याआधीचे ठसे सर्वांत बोलके. चितळाचा ठसा निमुळता, पुढे टोकदार. सांबराचा तसाच दोन पाकळ्यांचा, पण बराच मोठा आणि रुंद. भेकराचा चितळापेक्षा स्पष्टच लहान, आणि पिसोरीचा इतका चिमुकला की बोटाच्या पेरात मावतो. रानडुकराच्या ठशाशी गल्लत होते. त्याच्या पाकळ्यांची टोकं बोथट असतात आणि मागे बाजूंना दोन उपखुरांच्या खुणा उमटतात. हरणाच्या त्या खुणा चिखलात किंवा उडी मारल्यावरच दिसतात. लेंड्यांवरून एक फरक पक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे. चौसिंगा आणि रोही पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन विष्ठा टाकतात, त्यामुळे जुन्या-नव्या लेंड्यांचा ढीग साचतो. लहान लेंड्यांचा असा ढीग कोरड्या गवताळ जंगलात सापडला तर आसपास चौसिंगा राहतो, आणि त्याच परिसरात सकाळी शांत बसून राहिलात तर तो दिसण्याची आशा धरता येते. हरणांच्या लेंड्या बहुधा वाटेत, चरण्याच्या जागी विखुरलेल्या असतात.

साल सोललेली खोडं, चिखलात लोळल्याच्या जागा, शेजारच्या झाडांना फासलेला चिखल, या सांबराच्या खुणा. गळलेली शिंगंही सापडतात, कित्येकदा साळिंदराने कुरतडलेली. ती बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार आपोआप गळलेलं शिंगसुद्धा घरी नेणं गुन्हा आहे. शिवाय ते वाया जात नाही; त्यातला चुना साळिंदर आणि इतर प्राण्यांच्या पोटात जातो.

गवतात एकटं बसलेलं पाडस दिसलं तर ते हरवलेलं नाही. सुरुवातीचे दिवस आई त्याला लपवून ठेवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. तुम्ही जवळ थांबलात तर ती येत नाही. हात लावू नका, उचलून वनरक्षकाकडे नेऊ नका, फोटोसाठी गाडी वळवू नका, लगेच पुढे जा.

पुढच्या वेळी कुठे जावं तेही सांगतो. नुसतं पुष्कळ चितळ-सांबर बघून डोळा तयार करायचा असेल तर ताडोबा, पेंच किंवा नागझिरा, फेब्रुवारी ते मे. पानगळ झालेली असते, गवत खाली बसलेलं असतं, पाणवठे मोजके उरलेले असतात. एखाद्या पाणवठ्यावर दोन तास गाडी बंद करून बसा. दहा किलोमीटर फिरण्यापेक्षा ते जास्त देतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावर बसण्याची संधी देतो, तीही सोडू नका. चांदण्यात रंग नाहीसे होतात आणि आकार, चाल, आवाज एवढ्यावरच ओळखावं लागतं. चौसिंग्यासाठी पुन्हा मेळघाटच, पण सकाळी आणि उतारांवर लक्ष ठेवून. भेकर आणि पिसोरीसाठी कोयना-चांदोलीचा सह्याद्री. तिथे चितळांच्या कळपांची अपेक्षा ठेवू नका. अतिपावसाचं ते दाट रान भेकराचं आणि सांबराचं आहे, आणि तिथे दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतं. मुंबईत राहत असाल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही चितळ, सांबर, भेकर आहेत. सरावाला तेवढं पुष्कळ झालं.

जाल तेव्हा प्रत्येक जनावरासाठी वहीत वेळ, जागा, झाडी, पाठ, शेपटी, पाय आणि चाल एवढं लिहा, आणि नाव शेवटी लिहा. नाव आधी लिहिलं की बाकीच्या खुणा त्याला जुळवून दिसायला लागतात. पाठ आणि पाय दोन्ही आलेला एखादा फोटो असेल तर तो पाठवा. अंधुक, हललेला असला तरी चालेल, त्यावरून सांगता येतं.